एकदाच पुकारलेलं नाव

शिक्क्याच्या शाईचा वास आला की मला अवधपुरी वस्तीतल्या त्या काकू आठवतात. भोपाळमधल्या एका वॉर्ड कार्यालयात विनापरवाना बांधकामांच्या सुनावणीला नावं पुकारण्याचं काम तेव्हा माझ्याकडे होतं. अर्धांगवायू झालेल्या नवऱ्याला जिना चढता येईना, म्हणून काकूंनी घरापुढच्या मोकळ्या जागेत संडास बांधला होता आणि तो पाडण्याची नोटीस निघाली होती. मे महिना होता, कूलर बंद पडला होता आणि साहेबांना जेवायला जायची घाई होती. नियमाप्रमाणे नाव तीनदा पुकारायचं. मी दारातून एकदाच पुकारलं, ‘गैरहजर’ लिहिलं आणि आदेशावर साहेबांची सही घेतली. साहेब गेल्यावर बाहेरच्या बाकावरून काकू उठून आल्या. हातात डॉक्टरांचा कागद होता. “भैया, हमारा नंबर कब आएगा?” कागदावरचं आडनाव मराठी दिसलं, म्हणून मी म्हणालो, “काकू, तुमचा पुकारा झाला.” मराठी ऐकून त्यांचा चेहरा क्षणभर खुलला. “मी तर सकाळपासून इथंच बसलेय. पण मला जरा कमी ऐकू येतं, माझंच चुकलं असेल.” मी आदेशावर शिक्का मारला. आठवड्याभरानं पंचनामा लिहायलाही मीच गेलो. भिंत पडताना काका खाटेवरून बघत होते. काकूंनी सही केली आणि उन्हातून आलात म्हणून मला पाणी दिलं. मी ते प्यायलो. त्याच पावसाळ्यात काका गेल्याचं कळलं, पण मी भेटायला गेलो नाही. आता मी निवृत्त झालोय, तरी अवधपुरीत काही काम निघालं की बायकोला पाठवतो आणि तिला गुडघ्याचं निमित्त सांगतो.