मावशी म्हणाली, आतलं पाणी सुटलं

आधी माफी मागतो. न उलगडलेल्या अनुभवांच्या या सदरात लिहिणारी माणसं अनुभवी असतात, त्यांना लिहायची सवय असते. मी रोह्याच्या कॉलेजात बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला आहे. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला पहिलाच. असल्या गोष्टींवर माझा विश्वास नाही... नव्हता म्हणू का? तेही नक्की सांगता येत नाही. घडलं ते क्रमाने लिहितो, चुकलं तर सांभाळून घ्या.

गोष्ट गेल्या वर्षीची, १९९८ची. माझी मावशी धरमतरच्या खाडीकाठी राहते. लहानपणापासून मिठागरात काम केलेली. तिच्या डाव्या छातीत गाठ आली. पेणच्या डॉक्टरांनी मुंबईला पाठवलं, तिथे कॅन्सर निघाला. गाठ मोठी, म्हणून आधी दर तीन आठवड्यांनी इंजेक्शन आणि मग ऑपरेशन असं ठरलं. तिचे यजमान, म्हणजे काका, जेटीवर बार्जमधला माल उतरवायच्या कामाला, त्यांना शिफ्ट सोडता येत नसे. "तुला इंग्रजी कळतं" म्हणून मावशीसोबत मी जायचो. खरं तर डॉक्टरांचं निम्मंच कळायचं. उरलेल्या निम्म्याला मी मान हलवायचो.

पहिल्या इंजेक्शनने मावशीचे केस गेले. उलट्यांनी ती अर्धी झाली. डोक्यावरून हात फिरवत मला म्हणाली, "बिचाऱ्या उवांनी आता जायचं कुठं रं?" आणि स्वतःच हसली. काका हसले नाहीत. गाठ हाताला तेवढीच लागत होती.

"औषध लागू पडत नाय, तर तिला कशाला जाळायची?" ते म्हणाले. "दुसरं इंजेक्शन नाय घ्यायचं. हायत तेवढे दिवस घरात राहू दे सुखानं."

मुंबईच्या हॉस्पिटलातल्या एका तरुण डॉक्टरबाईंनी मला बाहेर बोलावून समजावलं होतं. गाठ लहान व्हायला वेळ लागतो. पण औषध लागू पडलं तर आतल्या पेशी आधी मोडतात आणि त्यांच्या दाटीत अडकलेलं पाणी मोकळं फिरू लागतं. ते फिरणं एमआरआयच्या एका नव्या पद्धतीत दिसू शकतं. "आम्हीच अजून तपासतोय, खात्री देत नाही," असंही त्या म्हणाल्या. एक चित्र इंजेक्शनच्या आधी काढलं होतं, दुसरं नंतर अठरा दिवसांनी काढायचं होतं. घरी मी एवढंच बोललो की अजून एक फोटो निघू दे, मग ठरवा. पाण्याचं काही सांगितलं नाही. मलाच ते नीट कळलं नव्हतं, दुसऱ्याला काय सांगणार?

"बरं," काका म्हणाले. "पण डॉक्टर काय बोलते ते नीट ऐकून ये. कॉलेजात जातोस ना?"

दुसऱ्या चित्राच्या दिवशी मावशीने मंगळसूत्र नि बांगड्या माझ्या रुमालात बांधून दिल्या आणि आत गेली. मशीनची ठकठक बाहेर मी बसलो होतो त्या बाकापर्यंत येत होती. बाहेर आली तेव्हा तिचा चेहरा शांत होता... मला त्या शांतपणाचीच भीती वाटली.

"पाणी सुटलं रं," ती म्हणाली.

"कुठलं पाणी?"

"आतलं. उघाडी उघडल्यावर सुटतं तसं." खाडीचं पाणी आत-बाहेर करायला बांधाला फळ्यांची दारं असतात, त्याला आमच्याकडे उघाडी म्हणतात. तिने पदरावरून बोट फिरवलं. "इथून इथवर सगळं वाहतं झालंय. फक्त ह्यो कोपरा, बगलेकडचा. नखाएवढा. तिथं बसूनच हाय."

"तुला डॉक्टर बोलल्या का?"

"ती काय बोलते? काचेच्या पल्याड होती ती."

डॉक्टरबाई म्हणाल्या, आकडेमोडीला वेळ लागतो, पत्राने कळवू. बस, एवढंच.

आम्ही एस.टी.ने पेणला उतरून घरी पोचलो तर काका दारातच उभे. "काय बोलली डॉक्टर?"

खरं उत्तर होतं, 'काहीच नाही.' ते ऐकून त्यांनी इंजेक्शन बंद केलं असतं. मी म्हणालो, "डॉक्टर म्हणाल्या, आतलं पाणी सुटलंय. औषध लागू पडतंय. बगलेकडचा एक कोपरा राहिलाय फक्त." आत चटईवर टेकलेली मावशी माझ्याकडे बघत राहिली. काका उंबऱ्यावर बसले. "मग घेऊ दुसरं," ते म्हणाले.

दुसऱ्या इंजेक्शननंतर तिला चार दिवस ताप होता. ओठ फुटले, पेजसुद्धा जाईना. काका शेजाऱ्यांना सांगत, "पोरानं डॉक्टरला नीट विचारलंय, फोटोत दिसलंय सगळं." मी मान खाली घालायचो. औषध फुकट जात असेल तर? तिचे हे हाल माझ्या एका वाक्यावर चालले होते. पत्रासाठी पत्ता माझा दिला होता; रोह्याजवळच्या वरसे गावातल्या माझ्या खोलीवर रोज पोस्टमनची वाट बघायचो, आणि तो पुढे निघून गेला की सुटल्यासारखंही वाटायचं. पत्र आलंच नाही.

तिसऱ्या इंजेक्शननंतर गाठ हाताला मऊ लागली, मग लहान होत गेली. चौथ्यानंतर ऑपरेशन झालं. काकांनी सगळ्यांसमोर माझी पाठ थोपटली. तेव्हा मला राहवेना. मी डॉक्टरबाईंना पत्र लिहून सगळं कबूल केलं. माझं खोटं, मावशीचे शब्द, तो बगलेकडचा कोपरा. दुसऱ्या चित्रात काय दिसलं होतं, तेही विचारलं.

उत्तर येईपर्यंत कॉलेजच्या लायब्ररीत शोधलं. माणसाला आपल्या पेशींतलं पाणी जाणवतं असं कुठेच सापडलं नाही. मावशीला विचारलं तर म्हणते, "जन्म पाण्यात पाय घालून गेला. कळतं ते." याला उत्तर म्हणायचं का? मला अजून माहीत नाही.

गेल्या आठवड्यात पत्र आलं. उशिराबद्दल डॉक्टरबाईंनी क्षमा मागितली होती, त्या मध्ये परगावी होत्या. पुढे लिहिलं होतं: "त्या दिवशी मावशी मशीनमध्ये हलल्या, त्यामुळे दुसरं चित्र पुसट आलं. त्यातून काहीच वाचता आलं नाही, म्हणून कळवलं नाही. ऑपरेशनचा रिपोर्ट आता हाती आला आहे. जवळजवळ सगळी गाठ मेलेली होती. जिवंत पेशी फक्त एका जागी मिळाल्या, बगलेकडच्या कोपऱ्यात, नखाएवढ्या. त्याही पूर्ण निघाल्या आहेत. चित्र नसताना ही जागा मावशींना आधी कशी कळली, ते मला परत एकदा सविस्तर लिहाल का?"