तळटिपेत टाकलेला होकार

माझी मामी प्रबंध बांधते. विद्यापीठाच्या मागच्या गल्लीत तिचं एका खोलीचं दुकान आहे. दारात पुठ्ठ्यांची चळत, भिंतीला लागून लोखंडी दाबयंत्र, आणि डिंकाचा तो वास, जो तिच्या साडीतून कधी जातच नाही. आधी पानांचं शिवणकाम ती करायची आणि पुठ्ठ्याच्या पाठीवरची सोनेरी अक्षरं मामा उठवायचे. तीन वर्षांपूर्वी मामांची उजवी बाजू गेली, आणि बोलण्यातून सगळे शब्द गेले. एक 'हो' तेवढा उरला.

आता ते दुकानातच खिडकीजवळ बसतात. मामीने शिवलेला गठ्ठा त्यांच्यापुढे ठेवला की डाव्या हाताने चाचपतात. काम पसंत पडलं तर अंगठा टेबलावर दोनदा टेकवतात. नाही पडलं तर हात तसाच पडून राहतो, आणि मामी कुरकुरत टाके उसवते.

दीड वर्षापूर्वी तत्त्वज्ञान विभागातला एक संशोधक त्यांच्याकडे येऊ लागला. तोंडातून शब्द येतो तेव्हा त्यामागे अर्थ असतोच का, हा त्याचा विषय. मुलगा सभ्य होता, चपला बाहेर काढायचा. पहिल्या दिवशी त्याने परवानगीचा कागद सावकाश वाचून दाखवला आणि विचारलं, "काका, तुमच्याबद्दल लिहू ना?"

"हो," मामा म्हणाले. अंगठाही दोनदा टेकला. मग त्याच अंगठ्याला शाई लावून कागदावर ठसा घेतला गेला.

"तोंडाकडे नका बघू," मामीने त्याला तेव्हाच सांगितलं होतं. "हो काय, ते खोकतानासुद्धा म्हणतात. अंगठ्याकडे बघा."

त्याने मान डोलावली आणि वहीत काहीतरी लिहिलं.

यंदा तोच प्रबंध बांधायला आला. चार प्रती. मामी प्रबंध वाचत नाही, फक्त पानांचे आकडे लागोपाठ आहेत ना ते बघते. दोनशे तेराव्या पानावर तिचा हात थांबला. तिथे लिहिलं होतं की 'गृहस्थ क', पूर्वीचे पुस्तकबांधणीकार, 'तुम्ही बाई आहात का' या प्रश्नालाही 'हो' म्हणतात. त्यांचा 'हो' हा होकार नव्हे, केवळ ध्वनी आहे. आणि खाली, बारीक अक्षरांत: पत्नीला अंगठ्याच्या हालचालीत अर्थ दिसतो, ही मायेपोटी करून घेतलेली समजूत मानावी.

दुसऱ्या दिवशी संशोधक प्रती न्यायला आला तेव्हा मी तिथेच होते. मामीने आवाज चढवला नाही. ती चिडली की तिचा आवाज उलट खाली जातो.

"ही माझी माया आहे, हे त्यांना विचारून ठरवलंत का?"

"काकू, ते तांत्रिक अर्थाने आहे. वाईट वाटून घेऊ नका."

"बरं. मग परवानगी कुठल्या अर्थाने घेतलीत?"

तो प्रती पिशवीत भरू लागला. मामा दोघांकडे आळीपाळीने बघत होते.

"त्यांच्या होकाराला अर्थ नाही म्हणता, आणि त्याच होकारावर आठ आठवडे आमच्याकडे येऊन बसलात. चहाला मात्र दर वेळी हो म्हणायचात, त्याला अर्थ होता वाटतं."

"मॅडमनी तपासलंय सगळं," तो म्हणाला. मॅडम म्हणजे त्याच्या मार्गदर्शक. "शुक्रवारी जमा करायचंय, काकू."

"न्या की. बांधून ठेवलंय. माझं भांडण पुठ्ठ्याशी नाही."

त्याच संध्याकाळी तिने माझ्याकडून विद्यापीठाच्या नीतिसमितीला अर्ज लिहून घेतला. मी विनम्र, विस्तृत लिहिणार होते. तिने मला तीन ओळींवर आणलं: यांच्या होकाराला अर्थ नसेल तर तुमच्याकडे परवानगी नाही. अर्थ असेल तर पान दोनशे तेरा खोटं आहे. कुठलं ते ठरवून कळवा.

महिन्याने उत्तर आलं. गृहस्थ क यांची संमती ग्राह्य धरता येत नसल्याने ते प्रकरण प्रबंधातून वगळण्यात आले आहे. झालेल्या त्रासाबद्दल समिती दिलगीर आहे. पत्र मामीच्या नावाने होतं.

"जिंकलीस की मामी," मी म्हणाले.

"काय जिंकले? परत तेच म्हणाले, यांच्या 'हो'ला अर्थ नाही. आधी एकटा म्हणत होता, आता शिक्का मारून सगळे म्हणतात." तिने पत्र माझ्या हातातून घेतलं. "एकाने तरी इथे येऊन त्यांना विचारलं?"

मलाही तेव्हा कळलं की मीसुद्धा विचारलं नव्हतं. अर्ज लिहिताना मामा तीन हातांवर बसले होते.

मामी त्यांच्यासमोर स्टूल ओढून बसली. पत्र वाचून दाखवलं, कठीण शब्द सोपे करून. मग म्हणाली, "वगळलं तेच बरं. आपण कळवू, की परवानगी खरी होती पण आता तुम्ही ती परत घेताय. चालेल ना?"

"हो," मामा म्हणाले. हात हलला नाही.

"अहो, तुमची चेष्टा केलीय त्यांनी. काढूनच टाकू ना?"

"हो." हात तसाच.

मामीने त्यांच्या हाताकडे बघितलं. मग नाइलाजाने, जणू तिच्याकडून कोणी वदवून घेतंय अशा सुरात, म्हणाली, "मग काय, राहू द्यायचं? तुमच्याबद्दल लिहावं, पण नीट लिहावं?"

टेबलावर अंगठा दोनदा वाजला. 'हो' म्हणायचं त्यांच्या लक्षातही राहिलं नाही.

"घ्या. म्हणे माझी समजूत," मामी पुटपुटली. "माझी असती तर माझ्यासारखं बोलली असती."

ती नुसती रागावली नव्हती, दुखावलीही होती. तिला ते पान जगातून नाहीसं व्हायला हवं होतं. तिने कागद माझ्याकडे सरकवला.

"लिही. गृहस्थ क कळवतात की त्यांनी दिलेली परवानगी खरी होती आणि अजून आहे. प्रकरण परत घालावं आणि दुरुस्त करावं. त्यासाठी पुन्हा यावं, आणि या वेळी त्यांच्या हाताकडे बघावं." ती थांबली. "खाली लिही, हे पत्र पत्नीने तिच्या मनाविरुद्ध लिहवून घेतलं आहे. आणि ते बारीक अक्षरांत नको."