सिस्टरला देव राखो

आमच्या शेजारच्या अट्रॅक्टाला नाही म्हणायला कारण लागत नाही, आणि लागलंच तर ती शोधून काढते. आयर्लंडमधल्या मेयोच्या या चिखलात तिला एक धाकटा भाऊ, मॅलकी, आणि तीन गाई. त्यातली एक अंगाने काळी, तोंडाने पांढरी, चेहरा कॉन्व्हेंटमधल्या ननसारखा गंभीर. म्हणून तिचं नाव सिस्टर.

मार्चमध्ये सिस्टर विताना अडली. भलं मोठं वासरू ओढून काढलं, ते जगलं, पण मागोमाग गाईचं अख्खं गर्भाशयच बाहेर आलं. गुरांचा डॉक्टर येईपर्यंत अट्रॅक्टाने ते ख्रिसमसच्या टेबलक्लॉथवर तोलून धरलं आणि सूज उतरावी म्हणून घरातली होती नव्हती ती साखर त्यावर ओतली. डॉक्टरने ते आत ढकलून टाके घातले. पुढे आठवडाभर त्यांच्याकडे बिनसाखरेचा चहा. मीही प्यायलो, तोंड वाकडं करून.

"पुन्हा असं होईलच असं नाही. होणार नाही असंही नाही," डॉक्टर म्हणाला. घ्या, काय समजायचं ते समजा.

मॅलकीचं मात्र ठरलं होतं. "खाऊ घालून जाड करू आणि खाटकाला देऊ. पुन्हा अडली तर गायही जाईल आणि वासरूही. गाय पाळतेयस की पाहुणी?"

"तुला पाळलंच ना इतकी वर्षं?" अट्रॅक्टा म्हणाली.

तरी मॅलकीने बोलावलेला गुरांचा व्यापारी फेस्टस आलाच. गाईभोवती फिरला, पाठीवर थाप मारली. "छान भरलीय," एवढंच म्हणाला. आता आमच्याकडे गुराला चांगलं म्हटलं की लगेच 'देव राखो' म्हणायचं असतं, नाहीतर दृष्ट लागते. अट्रॅक्टाने फाटक उघडलं. "माझ्या गाईला दृष्ट लावायला आलास? चालता हो."

मॅलकीने कपाळावर हात मारला आणि फेस्टसला नीट पढवून दुसऱ्या दिवशी परत आणला. गडी टोपी काढूनच आत शिरला. गाईला देव राखो, वासराला देव राखो, कुत्र्याला, शेवटी मलासुद्धा.

अट्रॅक्टाने शांतपणे ऐकून घेतलं. "मनापासून म्हणालास?"

"अगदी मनापासून, बाई."

"मग राखू दे की त्याला. तू कशाला नेतोस?"

फेस्टसने टोपी परत डोक्यावर चढवली. मला हसू आवरेना. तो गेल्यावर मात्र ती गाईच्या पाठीवर हात ठेवून म्हणाली, "एवढ्या कळा येत होत्या तिला, पण मला लाथ मारली नाही रे. नाही चढवता येणार मला तिला गाडीत."

पुढच्या वसंतात सिस्टर मागच्या लव्हाळ्यात एकटीच व्यायली, कुणाला न विचारता. आम्ही पोचलो तेव्हा वासरू आचळाला लागलं होतं आणि मॅलकी आमच्याही आधी तिथे उभा होता. त्याच्या कोटाचे दोन्ही खिसे फुगलेले. अट्रॅक्टाने एकात हात घातला, तर साखरेची पिशवी. दुसऱ्यातही तेच.

"कधीपासून घेऊन फिरतोयस?"

"देव राखो तिला," मॅलकी म्हणाला, आणि एक पिशवी चहासाठी तिच्या हातात दिली. दुसरी त्याने खिशातच ठेवली.