चपला काढून टर्फवर

मित्रांनो, आज डोकं बधिर झालंय, म्हणून इथे विचारतो.

धुळ्याजवळच्या गावात एका घराच्या अंगणात टर्फचं, म्हणजे कृत्रिम गवताचं, बॅडमिंटन कोर्ट बसवतोय. स्वतःच्या जबाबदारीवर घेतलेलं माझं हे पहिलंच काम. सकाळी दोन पट्ट्यांचा सांधा खाली कापड लावून चिकटवला आणि घरातल्या अक्कांना सांगितलं, "संध्याकाळपर्यंत चपला घालून कोणी यावर येऊ नका." मग कमी पडलेला ग्लू आणायला धुळ्याला गेलो.

परत आलो तर पायरीशी चपला ओळीने काढलेल्या, आणि अक्का शेजारणींसोबत अनवाणी कोर्टावर जुनी लुगडी अंथरून ज्वारीच्या बिबड्या, म्हणजे पापड, घालत होत्या. सांधा बोटभर सरकून तसाच वाळला होता.

"भाऊ, हाई गवत मस्त तापेल शे," अक्का म्हणाल्या. "बठ्ठ्या बिबड्या आजच वाळी जातीन."

त्यांनी माझं ऐकलं होतं.

उद्या त्यांचा मुलगा काम बघायला येतोय. सांधा उचलला तर खालचं कापड फाटेल, ठेवला तर खेळताना कोणाचा तरी पाय अडकेल. वाळलेला ग्लू सोडवायचा उपाय कोणाला माहीत असेल तर कृपा करून आजच सांगा.

आणि तो विचारेल, हे कशाने झालं? मी निघताना अक्कांनी ओल्या बिबड्या बांधून दिल्यात. त्यांचं नाव कसं घेऊ?