अर्ध्या टाकीचा उतार

सह्यगिरी सोसायटीत विजया नाफडेंना कोणी नमस्कार करत नसे, आणि चुकून कोणी केलाच तर त्या तो घेत नसत. समोरून माणूस आला की त्या ट्रॅक्टरचा हॉर्न दाबायच्या आणि माणूस बाजूला व्हायचा. एवढाच काय तो शेजारधर्म.

फरीदाबादच्या मागे अरावलीची बोडकी टेकाडं आहेत. त्यातल्या एका टेकाडावर दिल्लीतल्या केंद्र सरकारी मराठी नोकरदारांनी ही सोसायटी काढली. राहायचं अरावलीवर आणि नाव ठेवायचं सह्यगिरी, हे आपल्याच लोकांना सुचू शकतं. घरांच्या चार ओळी, एकीच्या डोक्यावर दुसरी. प्लॉट वाटले ते पगाराची श्रेणी बघून, म्हणजे सगळ्यात वर अधिकारी आणि सगळ्यात खाली कारकून. पुढे सगळे रिटायर झाले, पण ओळ कोणाची सुटली नाही. वरचे लोक खालच्यांकडे गणपतीच्या वर्गणीपुरते उतरायचे.

बिल्डरने नळ बसवले होते, पाणी काही बसवलं नाही. महापालिकेचा टँकर फाटकापर्यंत यायचा, कारण आतला रस्ता अरुंद आणि चढ अंगावर येणारा. फाटकाजवळच्या हौदात पाणी ओतून टँकर निघून जायचा. तिथून ते वर चढवायला सोसायटीने एक छोटा ट्रॅक्टर घेतला आणि मागे हजार लिटरची टाकी बसवलेली ट्रॉली. ड्रायव्हर ठेवले, ते टिकले नाहीत. मग एक दिवस नाफडेबाई सलवार-कुडत्यावर बूट चढवून आल्या, किल्ली मागितली आणि सीटवर जाऊन बसल्या. आपल्याला हे येतं, एवढं एकच वाक्य त्या बोलल्या.

येत होतंच. त्यांची सगळी नोकरी शेतीची यंत्रं तपासणाऱ्या एका सरकारी केंद्रात गेली होती. कुठला ट्रॅक्टर किती ओढेल, कुठल्या उतारावर उलटेल, हे उलटवून बघण्याचंच काम. अख्ख्या केंद्रात इंजिनिअर बाई ही एकटी. सुरुवातीला त्या प्रत्येक गोष्टीचं कारण समजावून सांगायच्या. पुरुष मंडळी मन लावून ऐकायची आणि दुसऱ्या दिवशी तेच साहेबांना स्वतःचं म्हणून सांगायची, नाहीतर चहाच्या वेळी त्यांच्या बोलण्याची नक्कल करायची. तेव्हापासून बाईंनी कारणं देणं बंद केलं. हो किंवा नाही, संपलं. नवऱ्यालाही कारण मिळालं नाही, तो बिचारा तसाच वारला. मुलगी क्षिप्रा नोएडात नोकरी करते. तिनं एकदा विचारलं, "आई, तू एवढी चिडतेस का गं सगळ्यांवर?" त्याचंही उत्तर तिला मिळालं नाही.

त्यांच्या ट्रॅक्टरचे नियम होते. ट्रॉलीवर कोणी बसायचं नाही. टाकी काठोकाठ भरल्याशिवाय ट्रॅक्टर हलणार नाही. एक खेप एकाच ओळीला, टाकी तिथे पार रिकामी होणार आणि मगच ट्रॅक्टर खाली उतरणार. रस्त्यात कोणी बादली पुढे केली तर बादलीवाल्याला असा काही शब्द मिळायचा की त्याची तहानच जायची.

एरवी हे चालून गेलं. पण उन्हाळ्यात टँकर अपुरा यायला लागला आणि खेपा दोनावर आल्या. दोन ओळींना आज, दोन ओळींना उद्या. ज्यांचा दिवस कोरडा जायचा ते बाईंच्या नावानं खडे फोडायचे. वरच्यांना वाटायचं बाई खालच्यांना सामील आहेत, खालच्यांना वाटायचं वरच्यांना. बाई स्वतः खालून तिसऱ्या ओळीत राहायच्या, म्हणजे दोन्हीकडून शिव्या खायला अगदी सोयीच्या जागी. आणि खरं सांगायचं तर त्या शिव्या त्यांना आवडायच्या. आपल्यावाचून या लोकांचा घसा ओला होत नाही, हे रोज त्यांच्या तोंडावरून वाचण्यात त्यांना एक कडवट सुख होतं.

सोसायटीचे अध्यक्ष सुधाकर खांबेटे. केंद्र सरकारच्या कुठल्याशा खात्यात त्यांनी जन्मभर वाटपाचं काम केलं होतं. क्वार्टर्स वाटा, गाड्या वाटा, खुर्च्या वाटा. समान वाटप म्हटलं की त्यांचा आवाज बदलायचा. त्यांनी सभा बोलावली आणि ठराव मांडला की प्रत्येक ओळीला रोज समान पाणी मिळालं पाहिजे. भरलेली टाकी आधी सगळ्यात वर न्यायची, तिथे पाव टाकी द्यायची, मग एकेक ओळ खाली येत प्रत्येकीला पाव द्यायची. इतका न्याय्य ठराव दिल्लीत बऱ्याच वर्षांत कुठे मांडला गेला नसेल. चारही ओळींचे हात वर झाले. एकमेकांचं तोंड न बघणारी माणसं त्या दिवशी एकमेकांना सरबत देत होती.

विजयाबाई उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, असं उतारावर नेता येणार नाही. का नाही, असं खांबेट्यांनी विचारलं. बाईंनी तोंड उघडलं, तेवढ्यात मागून कोणीतरी हसलं. खांबेटेही हसले आणि म्हणाले, "मॅडम, पाणी आहे हो, रणगाडा नाही."

सभा खो खो हसली. केंद्रातल्या चहाच्या वेळचं ते हसणं बाईंच्या कानात पुन्हा शिरलं, आणि त्यांनी तोंड मिटलं. खिशातली किल्ली काढून टेबलावर टाकली आणि त्या निघून गेल्या. मरा मेल्यांनो, असं त्या जिना उतरताना म्हणाल्या. तो शब्द त्यांनी रागात म्हटला होता, पण मागे घेतला नाही.

ट्रॅक्टर चालवायला पुढे आला तो खांबेट्यांचा मुलगा जयेश. तिशीतला, घरून काम करणारा, दिल्लीतच वाढलेला. बापाचा बोलघेवडेपणा त्याच्यात नव्हता. दुसऱ्या दिवशी सकाळी तो बाईंच्या दारात येऊन उभा राहिला.

"काकू, मी व्हिडिओ बघितलेत. उतरताना लो गिअर, न्यूट्रल बिल्कुल नाही, डाव्या-उजव्या चाकांच्या ब्रेकचे दोन्ही पेडल जोडून ठेवायचे. बरोबर ना? अजून काही ध्यानात ठेवायचं असेल तर सांगा ना प्लीज."

पोरगं मनापासून विचारत होतं. बाईंना ते कळलं. त्यांना हेही कळलं की जे सांगायचं ते व्हिडिओत नसतं, कारण ट्रॅक्टर चालवणारा टाकीच्या आत बघत नाही. जिभेवर आलं होतं. पण त्याच्या नाकाची ठेवण खांबेट्यांची होती, आणि ती बघितल्यावर कालचं सगळं हसू परत वर आलं.

"ठरावात काय आहे ते कर," त्या म्हणाल्या आणि दार लावलं.

त्या दिवसापासून बाईंनी गॅलरीत खुर्ची टाकली. तिथून तिसऱ्या ओळीपासून दुसऱ्या ओळीपर्यंतचा उतार सगळा दिसायचा आणि मधलं वळणही. सकाळी ट्रॅक्टरचा आवाज आला की त्या चहा घेऊन बसायच्या. ट्रॅक्टर भरलेल्या टाकीनिशी वर जायचा, मग उतरत उतरत त्यांच्या दारासमोर थांबायचा. पाणी वाटून झालं की अर्धी टाकी घेऊन पुढच्या उताराला लागायचा. जयेश जपून चालवत होता. लो गिअर, दोन्ही पेडल जोडलेले, नजर रस्त्यावर. ट्रॅक्टर सुखरूप खाली जायचा, आणि बाईंचा चहा कडू व्हायचा. लोक मुद्दाम त्यांच्या गॅलरीखाली थांबून जयेशचं कौतुक करायचे. पोरानं काय पटकन हात बसवला म्हणायचे. एकदा तर चौथ्या ओळीतल्या लतिकाबाई वर बघून मोठ्यानं म्हणाल्या की काही लोकांना उगाच वाटतं आपल्याशिवाय जग चालत नाही.

बाई वाट बघत होत्या. कशाची, हे त्यांनी स्वतःला कधी विचारलं नाही. विचारलं असतं तर उत्तर द्यावं लागलं असतं. मोठं काही व्हावं असं त्यांच्या मनात नव्हतं, असं आपण त्यांच्या बाजूनं म्हणू. ट्रॅक्टर जरा घसरावा, भिंतीला घासावा, खांबेट्यांचं तोंड उतरावं, लोकांनी यावं आणि किल्ली परत द्यावी. एवढंच. पण उतारावरचं पाणी कोणाच्या मनातलं माप विचारून धावत नाही.

त्या सकाळी जयेश तिसऱ्या ओळीतून निघाला आणि वळणाच्या अलीकडे असताना खालून एक स्कूटर वर आली. स्कूटरवाल्यानं फोन कानाला लावला होता. जयेशनं ब्रेक दाबला, योग्य तेच केलं. ट्रॅक्टर थांबायला लागला, टाकी थांबायला लागली, पण टाकीतलं पाणी थांबलं नाही. पाचशे लिटर पाणी एकदम पुढच्या पत्र्यावर येऊन आदळलं. तो आवाज बाईंना गॅलरीत ऐकू आला. ट्रॉलीनं ट्रॅक्टरला मागून ढकललं, ट्रॅक्टरची मागची चाकं वळणावर बाजूला सरकली, पाणी परत मागे गेलं आणि पुन्हा पुढे आलं. दुसऱ्या धक्क्याला ट्रॉली ट्रॅक्टरच्या कुशीत घुसली आणि ट्रॅक्टर आडवा झाला. स्कूटरवाला सुखरूप निसटला. जयेशचा डावा पाय चाकाच्या आवरणाखाली सापडला होता.

सगळ्यात आधी पोचल्या त्या विजयाबाईच. त्यांनी इंजिन बंद केलं, डिझेलचा कॉक फिरवला, चाकांना दगड लावले आणि जमलेल्या बाप्यांना हिंदीत-मराठीत शिव्या घालत ट्रॅक्टर उचलून धरायला लावला. जयेशला त्यांनीच बाहेर ओढलं. तो शुद्धीत होता. "काकू, मी लो गिअरमध्येच होतो," असं तो परत परत सांगत होता, जणू त्याला शाळेत कोणी पकडलं होतं. बाईंनी त्याचं डोकं मांडीवर घेतलं.

पाय गुडघ्याखाली काढावा लागला.

सोसायटीनं बाईंना दोष दिला नाही. हे त्यांना अपेक्षित नव्हतं. सगळ्यांचं म्हणणं पडलं की जयेशचा हात बसला नव्हता आणि स्कूटरवाला नालायक होता. खांबेटे हॉस्पिटलमधून येऊन लोकांना हेच सांगत होते, पोरानं घाई केली म्हणून. मुलाची चूक स्वतःच्या तोंडानं सांगताना तो माणूस आठवड्याभरात म्हातारा दिसायला लागला. मग कमिटीची माणसं खाली मान घालून बाईंकडे आली आणि किल्ली परत देऊन गेली. ठराव कोणी रद्द केला नाही, पण कोणी त्याचं नावही काढलं नाही. बाई जिंकल्या होत्या. इतकं नासकं जिंकणं त्यांनी आयुष्यात बघितलं नव्हतं.

दुरुस्त झालेला ट्रॅक्टर घेऊन त्या पहिल्या दिवशी वरच्या ओळीत गेल्या. टाकी काठोकाठ. लोक भांडी घेऊन उभे होते, त्यांना वाट देत होते, कोणी तर नमस्कारही करत होते. रांगेच्या शेवटी सुमित्राबाई उभ्या होत्या, जयेशची आई. हातात रिकामी बादली. त्या इतरांचं पाणी भरून होईपर्यंत थांबल्या, आणि सगळे गेल्यावर ट्रॅक्टरजवळ आल्या.

"जयेश म्हणतो, तो तुमच्याकडे विचारायला आला होता."

"आला होता."

"तो म्हणतो, काकूंना माहीत होतं. झोपेतही तेच बडबडतो. मी त्याला म्हटलं, असं नसतं रे, माणूस असं करत नाही." त्यांचा आवाज अगदी साधा होता, पाण्याचा भाव विचारावा तसा. "मला भांडायचं नाही. मला फक्त कळायला पाहिजे, काय सांगायचं होतं ते. फार अवघड होतं का? आम्हाला समजलं नसतं असं काही होतं?"

बाईंनी आजवर कोणाला कारण दिलं नव्हतं. त्यांनी स्टिअरिंग घट्ट धरलं. समोरच्या बाईच्या डोळ्यांकडे बघायचं त्यांना जमेना, म्हणून त्या टाकीकडे बघत बोलल्या.

"अर्धी टाकी उतारावर न्यायची नसते. ब्रेक मारला की आतलं पाणी पुढे धावतं आणि ट्रॅक्टरला ढकलतं."

सुमित्राबाई पुढचं ऐकायला थांबल्या. अजून काहीतरी असेल, असं त्यांना खरंच वाटत होतं.

"एवढंच?" त्यांनी विचारलं.

"एवढंच," विजयाबाई म्हणाल्या.