व्याह्यांचे दोन पुठ्ठे

पुण्यात फोटो काढणारे घरटी दोन सापडतील. पण दुसऱ्याचा फोटो मन लावून बघणारा माणूस मी उभ्या आयुष्यात एकच पाहिला, आणि माझं नशीब असं की तो नेमका माझा व्याही निघाला. आमच्या मुलीला बघायला म्हणून हे गृहस्थ सदाशिव पेठेतल्या घरी आले आणि पोह्यांची बशी घेऊन थेट भिंतीवरच्या माझ्या सूर्यास्तासमोर उभे राहिले. "आपण काढलाय? वा. पण सूर्य बरोबर मधोमध का बसवलात? पूजेचा कलश आहे का तो?" मुलगी खुदकन हसली, तिला पाहून त्यांचा मुलगा हसला, आणि लग्न तिथंच ठरलं. तो सूर्यास्त मी दुसऱ्याच दिवशी माळ्यावर टाकला.

दर रविवारी सकाळी व्याह्यांकडे निसर्गाचे फोटो काढणाऱ्यांचा दरबार भरायचा. हिंजवडीच्या कंपन्यांतली पोरं पहिल्या पगारातून घेतलेली तोफेएवढी लेन्स गळ्यात अडकवून यायची. व्याही फोटो टेबलावर ठेवत, लग्नपत्रिकांच्या जाड कागदातून कापलेले दोन काटकोनी पुठ्ठे त्यावर सरकवत, नको तेवढा भाग झाकत आणि म्हणत, "आता बघा." फोटो खरोखरच सुधारलेला असे, याचाच जास्त राग यायचा. रंग भडक करून आणणाऱ्या एकाला म्हणाले, "अरे, एवढं हिरवं गवत गाईला दाखवलंस तर तोंड लावणार नाही ती." मात्र उपाय सांगितल्याशिवाय कुणाला सोडत नसत. "नुसती नावं ठेवायला शेजारी आहेत की!"

एकदा हिंजवडीचीच, शेतकरी घरातली आणि आता तिथल्याच एका कंपनीत लागलेली मुलगी आली. तिच्या फोटोत कडेला आंब्याचं झाड आणि मधोमध नुसती उघडी जमीन. व्याह्यांनी पुठ्ठ्यांनी जमीन झाकली. "झाड तेवढं ठेवा. मध्ये काहीच नाहीये."

"तिथं आमची विहीर होती, काका," ती हळूच म्हणाली. "जमीन विकली, मग बुजवली." फोटो उचलून ती निघून गेली, आणि पुढच्या रविवारी फिरकलीच नाही.

व्याह्यांना चैन पडेना. मी म्हटलं, "अहो, फोनवर माफी मागा आणि सोडून द्या." तर उसळलेच. "माफीनं फोटो सुधारतो का? मी विचारलंय तिला. तिथं पत्र्याचं कुंपण घालतायत उद्यापरवा. आत्ता घेतला तर घेतला, नाहीतर कायमचा राहिला!" त्या मुलीला तिथंच बोलावून, मला स्कूटरवर मागे बसवून, कंपन्यांच्या बसगाड्यांचा धूर खात आणि वाटेत दिसेल त्याच्याशी भांडत त्यांनी हिंजवडी गाठली.

मुलगी तोंड फुगवून बांधावर उभी होती. "पोरी, विहीर गेली हे तुला ठाऊक. बघणाऱ्याला कसं कळणार?" असं म्हणत हा सत्तरीचा माणूस भर उन्हात ढेकळं तुडवत हिंडायला लागला. पत्रे ठोकायला आलेल्या माणसांना "थांबा हो जरा!" म्हणून दटावलं. शेवटी आंब्यापाशी थबकला. झाडाखालून एक पायवाट निघाली होती, पायांनी घासून गुळगुळीत झालेली, आणि नव्या मुरमापाशी मध्येच तुटली होती.

"ही कुठं जायची?"

"विहिरीला."

"मग हिला घे. अगदी खाली बस. वाट अशी तुटली की माणूस विचारतोच, पुढं काय होतं म्हणून."

तो फोटो मोठा करून द्यायला आम्ही तिच्या नव्या फ्लॅटवर गेलो. तिच्या आईनं चष्मा लावला, पायवाटेवर बोट ठेवलं, सावकाश पुढं नेलं आणि मुरमापाशी थांबवलं. "हितं पाय घसरायचा बघा," ती म्हणाली, "भरल्या कळशा घिऊन येताना." बोट काही तिथून उचलेना. मी व्याह्यांकडे पाहिलं, तर ते खिडकीबाहेर तोंड करून बसलेले. मला त्या क्षणी त्यांचा फार लोभ वाटला.

"बरा आलाय न्हवं, पाव्हणं?" तिनं विचारलं.

"ते आता तुम्हीच सांगायचं, वहिनी," व्याही म्हणाले. त्यांचा आवाज इतका लहान झालेला मी त्याआधी कधी ऐकला नव्हता.