गिरणीतला कॅप्टन

भाताच्या गिरणीमागं तुसाचा ढीग साठतो, तसे आमच्या प्रमोदचे किस्से साठत गेलेत. तूस निदान वीटभट्टीवाले घेऊन जातात. किस्से कोण नेणार? मग ते मलाच सांगत बसावं लागतं!

प्रमोद माझा शाळासोबती. दहिवलीत त्याची भात भरडायची गिरणी, शेजारी माझं हार्डवेअरचं दुकान. गिरणी त्याच्या वडिलांनी, तात्यांनी उभी केलेली. आणि हा गिरणीवाला टेरिटोरियल आर्मीत कॅप्टन आहे! म्हणजे एरवी आपला कामधंदा सांभाळायचा, वर्षातून काही आठवडे वर्दी चढवून ट्रेनिंगला जायचं आणि बोलावणं आलं की खऱ्याखुऱ्या ड्यूटीवर हजर व्हायचं. कुणाची सक्ती नाही, सगळं आपखुशीनं. का, ते मी त्याला कितीदा विचारलंय. पठ्ठ्या नुसता हसतो.

*

निवडीच्या मुलाखतीत समोर मोठमोठे अधिकारी. एकानं विचारलं, "लोकांना काबूत ठेवायची वेळ कधी आलीये का तुमच्यावर?"

प्रमोद म्हणाला, "भाताच्या सीझनला लाइट जाते, सर. बाहेर पोती घेऊन बायका बसलेल्या असतात. सगळ्यांना घरी जायची घाई. लाइट येईपर्यंत मी एकटा त्यांच्यासमोर असतो."

साहेबांनी चष्मा काढला. "आमचं झालं विचारून. या तुम्ही!"

*

पहिल्या ट्रेनिंगहून आला तो अंगात शिस्त घेऊनच. सकाळी गिरणीत उभा राहून म्हणतो, "लाइन करा! पोती एका रेषेत! ज्याचं पोतं त्यानं पोत्यामागं उभं राहायचं!"

कोंडाण्याच्या हिराबाई टेंपोतून भात घेऊन आलेल्या. वय झालेलं, गुडघे धरलेले. पोत्यावर बसकण मारून त्या म्हणाल्या, "परमोद, पोतं उभं हाय ना रं? मंग झालं! मी त्याच्या जीवावर बसते."

कॅप्टनसाहेबांनी मुकाट्यानं मोटर चालू केली.

*

खालापूरला एका लग्नाला आम्ही दोघं गेलो होतो. नवरीच्या वडिलांना कुठून तरी कळलं, की पाहुण्यांत मिलिट्रीतले साहेब आहेत. त्यांनी लगेच माइक घेतला. "आपल्या भाग्यानं आज कॅप्टनसाहेब आलेत! त्यांचा सत्कार होईल!"

हार घेतलेला मुलीचा मामा मांडवभर साहेबांना शोधत फिरला. प्रमोद साध्या पांढऱ्या शर्टात होता. लग्नात मिरवायला वर्दी घालायची नसते. मामाला दिसला लाल कोट, सोनेरी झालर, डोक्यावर तुरेवाली टोपी. त्यानं धावत जाऊन हार घातला, वर कडक सॅल्यूट ठोकला!

तो होता बँडमास्तर. बिचारा गोंधळला, पण सावरला लगेच. "मी बँडवाला हाय वो... पन आता घातलाय तर ऱ्हाऊ द्या!"

सगळ्यात जोरात टाळ्या प्रमोदच्या होत्या.

*

आम्हाला आपली उत्सुकता, हे लोक तिकडं नेमकं करतात काय! एकदा ट्रेनिंगहून आल्याबरोबर त्याला दुकानात गाठलं. "बंदूक कुठली देतात? डोंगर चढायला लावतात? रात्री पहारा असतो?"

तो म्हणाला, "मला काय विचारतोस? तिकडं आमचे कर्नल रोज मलाच पकडून बसवतात."

"कशाला?"

"त्यांना समजून घ्यायचंय, भरडताना तांदळाचा तुकडा का पडतो!"

*

या सगळ्याला न हसणारा माणूस एकच, तात्या. "गिरनी तरी चालव, नायतर बंदूक तरी चालव. ह्ये काय, एक ना धड!" असं त्यांचं म्हणणं. प्रमोद ट्रेनिंगला गेला की गिऱ्हाइकांना सांगायचे, "आत्याकडं गेलाय, खोपोलीला."

प्रमोदला हे माहीत होतं. एकदा चहा पिता पिता म्हणाला, "तिकडं लोक मान देतात रे. पण तात्यांनी एकदा कुणाला तरी खरं सांगावं, एवढंच वाटतं." मला फार वाईट वाटलं. पण बापलेकाच्या मध्ये आपण काय बोलणार?

यंदा दिवाळी झाली आणि ऐन भरडणीच्या दिवसांत त्याला ड्यूटीचा हुकूम आला. सरहद्दीकडं कुठंतरी. गेला. तात्या गिरणीवर उभे राहिले. पुढं बरेच दिवस फोन नाही. तात्यांनी कुणाला काही विचारलं नाही. फक्त एरवी घरी पडून असलेला मोबाइल आता त्यांच्या खिशात दिसायला लागला.

गिरणीचा एक नियम असतो. वर भात भरलेला असताना मोटर बंद करायची नाही. भात भरडणारा हलर चोंदतो, मग तो सगळा पान्यानं खोलून हातानं साफ करावा लागतो. तात्यांनी हा नियम आयुष्यात मोडला नव्हता. सून बाळंत झाल्याचा निरोप आला, तेव्हासुद्धा चालू भात संपवून मगच दवाखान्यात गेले होते.

त्या दिवशी मी गिरणीच्या दाराशीच होतो. भात काठोकाठ भरलेला, बायका खोळंबलेल्या. तात्यांनी अचानक खिशातून मोबाइल काढला, नाव बघितलं आणि खाडकन मोटर बंद केली!

गिरणी गप्प. बायकांच्या माना तात्यांकडं.

"हां, बोल... जेवलास का रं?... थंडी लय हाय का तकडं?... बरं, बरं. हितली काळजी नको करूस. आमी हाव."

फोन खिशात गेला. हिराबाईंना राहवलं नाही. "कुनाचा वो फोन, तात्या?"

"आमच्या कॅप्टनचा," तात्या म्हणाले. मग माझ्याकडं वळले. "जा रं, पाना आन तुज्या दुकानातला."